आभाळाखालची खोली : चार्ल्स कोरिया यांची घरे आणि उन्हाळी मुलखाचा प्रश्न

सोलापूरचा उन्हाळा गिरणीसारखा दोन पाळ्यांत चालतो. दिवसपाळीला सूर्य तापवतो, रातपाळीला स्लॅब. मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे गेला की संध्याकाळी बाहेर वारा सुटलेला असतो, पण दिवसभर ऊन प्यायलेले छत रात्री बारापर्यंत ते घरात सोडत राहते. मग गाद्या गच्चीवर जातात. ज्यांच्या वाट्याला गच्ची नाही ते बोळात बाज टाकतात, दारात चटई अंथरतात. आपण याला गरिबीचा नाइलाज म्हणतो आणि पुढच्या वेळी घर बांधताना पुन्हा तोच स्लॅब टाकतो.

विसाव्या शतकातल्या एका भारतीय आर्किटेक्टने या नाइलाजाकडे फार वेगळ्या नजरेने पाहिले. उष्ण देशातला माणूस वर्षातले आठ-नऊ महिने, दिवसाचे किमान काही तास, उघड्या आभाळाखाली जगतो. तिथे तो झोपतो, जेवतो, दळणकांडण करतो, मुलांना खेळवतो. म्हणजे अंगण, ओटा आणि गच्ची या घराबाहेरच्या जागा नसून घरातल्याच खोल्या आहेत, फक्त त्यांना छप्पर नाही, असा त्याचा साधा हिशेब होता. हा हिशेब मांडणाऱ्याचे नाव चार्ल्स कोरिया. त्यांच्या कारकिर्दीचा इतिहास मुंबई-गोव्याच्या वर्तुळात सांगितला जातो तो पुरस्कारांच्या आणि प्रसिद्ध इमारतींच्या अंगाने. आपल्यासारख्या कामगारांच्या, तापणाऱ्या शहराने तो घरांच्या अंगाने वाचायला हवा.

गोव्याचे कूळ, दख्खनचा जन्म

कोरिया यांचे कूळ गोव्याचे. जन्म मात्र १ सप्टेंबर १९३० रोजी निजामाच्या राज्यात, सिकंदराबादला झाला. त्या काळी सोलापूरच्या वेशीपासून काही कोसांवर निजामाची हद्द सुरू होत असे. त्यामुळे त्यांची जन्मभूमी आणि आपला मुलूख हवामानाच्या दृष्टीने एकाच दख्खनी तव्यावर आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजानंतर ते अमेरिकेला गेले. आधी मिशिगन विद्यापीठात आणि मग एमआयटीत वास्तुशास्त्र शिकून १९५५ साली मायदेशी परतले. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचे काम सुरू केले.

तो काळ नव्या राष्ट्राच्या बांधकामाचा होता. चंदीगड उभे राहत होते. नेहरूंनी बोलावलेले फ्रेंच आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए अहमदाबादेतही घरे बांधत होते. चंदीगडच्या कामात मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज जोडपेही होते. या दोघांनी त्याआधी पश्चिम आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत उष्ण हवेला साजेशा आधुनिक इमारती बांधल्या होत्या. या धाटणीला पुढे उष्णकटिबंधीय आधुनिकता, इंग्रजीत ‘ट्रॉपिकल मॉडर्निझम’, असे नाव पडले. तिची मुळे वसाहतीच्या राज्यकारभारात होती. पण स्वातंत्र्यानंतर घाना, भारत, श्रीलंका अशा देशांनी ती आपलीशी केली. श्रीलंकेत जेफ्री बावा, आपल्याकडे मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे आणि गोव्याचे कोरिया ही त्या पिढीची ठळक नावे.

या मंडळींपुढे पेच सारखाच होता. शिक्षण पश्चिमेत झालेले. तिथली आधुनिक इमारत म्हणजे काच आणि काँक्रीटची बंद पेटी. थंड देशात ती शोभते, कारण तिथे उष्णता आत कोंडून ठेवायची असते. आपल्याकडे तीच पेटी भट्टी होते. ती गार ठेवायची तर यंत्र हवे, यंत्राला वीज हवी आणि विजेला पैसा हवा. म्हणजे घराच्या आकारातच ठरून जाते की ते कोणाला परवडणार. कोरिया यांना हवामानाचा प्रश्न आणि पैशाचा प्रश्न वेगळे वाटले नाहीत. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे हे मूळ आहे.

नळीसारखे घर

त्यांचे पहिले मोठे काम अहमदाबादेत साबरमती आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालय. ते १९५८ ते १९६३ या काळात झाले. सहा मीटर लांब-रुंद अशा कौलारू चौकोनांची ती जुळणी आहे. काही चौकोन भिंतींनी बंद, काही नुसते खांबांवर उभे, काही आभाळाला मोकळे, आणि मधोमध पाण्याचा चौक. खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. संग्रहालय असूनही त्याची चाल एखाद्या खेड्यातल्या वस्तीसारखी आहे. दालनातून दालनात जाताना वारा सोबत चालतो.

याच शहरात १९६१-६२ साली त्यांनी बांधलेले एक छोटे घर आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. गुजरात गृहनिर्माण मंडळाने स्वस्त घरांसाठी स्पर्धा ठेवली होती. अपेक्षा होती जिन्याच्या चाळवजा इमारतींची. कोरिया यांनी दाखवून दिले की जमिनीलगतच्या बैठ्या घरांच्या रांगेतही तितकीच कुटुंबे बसतात. स्पर्धा त्यांनी जिंकली. त्या घराला ‘ट्यूब हाउस’, म्हणजे नळीघर, म्हणतात. रुंदी जेमतेम १२ फूट, लांबी साधारण ६० फूट. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्याला लागून, त्यामुळे त्यांवर ऊन पडतच नाही. दाराजवळ कमीजास्त करता येतील अशा झडपा, त्यातून वारा आत येतो. छत उतरते. तापलेली हवा वर चढते, उताराच्या कडेने सरकत जाते आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाते. तिची जागा घ्यायला खालून गार हवा येते. पंखा नाही, वीज नाही. छताचा आकारच पंख्याचे काम करतो.

सोलापूर-उस्मानाबादकडच्या जुन्या माणसांना हे वाचून साणे आठवेल. आपल्याकडच्या माळवदाच्या घराला, लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर दिलेल्या त्या छताला, मध्ये एक भोक ठेवलेले असे. त्यातून उजेड येई, चुलीचा धूर जाई आणि धुराबरोबर कोंडलेली उष्ण हवाही जाई. मातीचा थर ऊन आत यायला इतका वेळ लावी की ते पोहोचेपर्यंत रात्र व्हायची. आपल्या गवंड्यांनी हे कोणत्या विद्यापीठात शिकले नव्हते. कोरिया यांचे मोठेपण असे की विद्यापीठात शिकूनही त्यांनी असल्या ज्ञानाला अडाणीपणा मानले नाही. त्यांनी त्यातला नियम शोधला आणि नव्या विटा-सिमेंटमध्ये उतरवला.

ते नळीघर आज उभे नाही, पाडले गेले. पण कल्पना दूर गेली. साठच्या दशकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेत पेरूची राजधानी लिमा इथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतीने स्वस्त घरांचा एक प्रयोग झाला. जगभरातून निवडक आर्किटेक्ट बोलावले गेले, त्यांत कोरिया होते. तिथेही त्यांनी लांबट, चिंचोळी, वाऱ्याला वाट देणारी घरेच मांडली.

बादशहाचा शामियाना

कोरिया यांच्या लेखनात मुघल वास्तूंचा उल्लेख येतो तो नक्षीकामासाठी नाही. घुमट-कमानींचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे लक्ष गेले ते आग्र्याच्या किल्ल्यातल्या राहणीकडे. उन्हाळ्यात भल्या पहाटे खालच्या चौकावर शामियाना ताणला जाई. रात्रीची गार हवा त्याखाली अडकून राही आणि दिवसभर तिथे बादशहाचा वावर असे. संध्याकाळी शामियाना निघे आणि दरबार वरच्या मोकळ्या बागांत, छत्र्यांत जाई. हिवाळ्यात क्रम उलटा, दिवसा उन्हात वर आणि रात्री खाली. म्हणजे घर एका जागी उभे, पण घरातला माणूस ऋतूप्रमाणे आणि प्रहराप्रमाणे मुक्काम हलवतो. भटक्या टोळीची चाल त्यांनी राजवाड्यात आणली, असे म्हणायला हरकत नाही.

हे तत्त्व कोरिया यांनी अहमदाबादच्या पारेख कुटुंबाच्या घरात वापरले. १९६६ ते १९६८ या काळात बांधलेल्या या घराला दोन भाग आहेत. एक उन्हाळ्याच्या दुपारचा. तो खाली रुंद आणि वर निमुळता, म्हणजे वरून ऊन कमी यावे. दुसरा हिवाळ्याचा आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा. तो याच्या उलट, वर आभाळाकडे उघडत जाणारा. मालक श्रीमंत होता, जागा होती, म्हणून दोन्ही भाग बांधता आले. पण यामागचा विचार आपल्या आजी-पणजींनी न सांगता पाळलेला आहे. दुपारी माजघरात, संध्याकाळी ओसरीवर आणि रात्री अंगणात. तीन खोल्यांच्या घरात त्या तीन हवामानांत राहत होत्या.

वर्गात उर्दूच्या धड्यात ‘सेहन’ हा शब्द आला की मी मराठीत ‘अंगण’ असा अर्थ सांगते. अलीकडे ‘अंगण’ म्हणजे काय, हेही फळ्यावर चित्र काढून दाखवावे लागते. ‘दालान’, ‘दिवाणखाना’, ‘हौद’, ‘इमारत’ हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी घरात इतके रुळले की आता कोणी त्यांना परके म्हणत नाही. वाड्याचा चौक आणि मशिदीचा सेहन यांचा धर्म वेगळा असेल, हवामान एकच आहे. दोन्हीकडे भिंतींच्या आत आभाळाचा एक तुकडा राखलेला असतो. कोरिया ख्रिस्ती घरात जन्मले, गांधींचे स्मारक बांधले, आग्र्याकडून शिकले. भोपाळच्या विधान भवनासाठी १९९८ साली त्यांना आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि अखेरच्या वर्षांत टोरांटोचे इस्माईली केंद्र त्यांनी उभारले. कोणती वास्तू कोणाच्या धर्माची, यावर भांडणाऱ्या आजच्या काळात ही कारकीर्द निदान एवढे सांगते की ऊन, वारा आणि पाऊस जात-धर्म विचारून येत नाहीत, त्यांना दिलेली उत्तरेही सगळ्यांची मिळून असतात.

उंचावरचे अंगण

मुंबईत जमीन नाही. तिथे अंगण कुठून आणायचे? जुन्या मुंबईच्या बंगल्यांना चारी बाजूंनी व्हरांडा असे. समुद्र पश्चिमेला, म्हणून वारा तिकडूनच. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारही तिकडूनच. व्हरांडा ऊन-पाऊस स्वतःवर झेलून आतल्या खोलीला फक्त वारा देई. साठच्या दशकात ‘सोनमर्ग’ या इमारतीत कोरिया यांनी हीच दुहेरी तटबंदी फ्लॅटभोवती उभी करून पाहिली.

तिचे मोठे रूप म्हणजे कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’. १९७० ते १९८३ या काळात झालेली ही २८ मजली इमारत. तीत फ्लॅट अवघे ३२. प्रत्येक घराला कोपऱ्यात दोन मजले उंचीची खोल गच्ची आहे. व्हरांड्याचीच ती वारस. लांबून पाहिले तर गुळगुळीत मनोऱ्याचे कोपरे कोणी चावून काढल्यासारखे दिसतात. जगभरच्या आर्किटेक्चरच्या पुस्तकांत तिचे चित्र असते.

इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ३२ श्रीमंत कुटुंबांना आकाशातले अंगण मिळाले, त्याच शहरात लाखो लोक फुटपाथवर आभाळाखाली झोपत होते. त्यांच्यासाठी या आर्किटेक्टने काय केले? कोरिया यांच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे, कारण तो त्यांनी स्वतःही टाळला नाही. १९६८ साली त्यांनी दादाभाई नौरोजी मार्गासाठी एक आराखडा केला होता. दुकानांसमोरच्या रस्त्यालगत लांबलचक ओटे बांधायचे. दिवसा त्यांवर फेरीवाले बसतील, चालणाऱ्यांची वाट मोकळी राहील. संध्याकाळी तिथल्याच नळांनी ओटे धुऊन निघतील आणि रात्री बेघर माणसे त्यांवर झोपतील. तो आराखडा कागदावर राहिला. पण मोठमोठ्या इमारती करणारा माणूस झोपायच्या ओट्याचे माप घेत होता, ही नोंद इतिहासात असायला हवी.

खाडीपलीकडे

मुंबईची कोंडी इमारतींनी सुटणार नाही, शहराची मांडणीच बदलली पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात लवकर आले. १९६४ च्या सुमारास प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांच्यासोबत त्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकाने तिला जागा दिली. सरकारने ती स्वीकारली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. काही वर्षे ते त्या पदावर होते.

या योजनेचा कणा असा होता की राज्य सरकारचा कारभार खाडीपलीकडे जाईल आणि त्यामागे नोकऱ्या जातील. मग दक्षिण मुंबईवरचा भार हलका होईल. घडले उलटे. नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कार्यालये वाढत राहिली, १९८१ साली नवे विधान भवनही तिथेच झाले. नवी मुंबई वाढली, पण ज्या कारणासाठी ती कल्पिली होती ते कारण मागे पडले. जमिनीचा भाव कुठे वाढतो आणि तो कोणाच्या खिशात जातो, यापुढे आर्किटेक्टची पेन्सिल किती तोकडी असते, हे कोरिया इथे शिकले. १९८५ साली आलेल्या त्यांच्या ‘द न्यू लँडस्केप’ या पुस्तकात या अनुभवाचे सार आहे. त्याच वर्षी राष्ट्रीय नागरीकरण आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

गरिबाचे घर म्हणजे चार भिंतींची पेटी नसते, असे त्यांचे त्या काळातले मुख्य सांगणे. घराला चार थर असतात. पहिला कुटुंबाचा खासगी, जिथे स्वयंपाक होतो आणि सामान राहते. दुसरा उंबऱ्याचा, जिथे मुले खेळतात आणि शेजाऱ्याशी बोलणे होते. तिसरा पाणवठ्याचा, जिथे गल्ली एकत्र येते. चौथा मैदानाचा, जो सगळ्या शहराचा. एक थर आक्रसला की दुसऱ्यावर भार येतो. झोपडीत राहणारी बाई दिवसभर उंबऱ्यावर जगते, कारण आत जागा नाही. तिला आठव्या मजल्यावर फ्लॅट दिला तर पहिला थर थोडा वाढतो, बाकीचे तीन संपतात.

बेलापूरची सात घरे

हा विचार जमिनीवर उतरला तो बेलापूरला. १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी, साधारण सहा हेक्टर जागेवर, सुमारे ५५० कुटुंबांसाठी त्यांनी वसाहत आखली. लोक तिला ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ म्हणून ओळखतात.

मांडणी समजायला सोपी आहे. सात घरे एका चौकाभोवती. चौकाचे माप आठ मीटर बाय आठ मीटर. अशा तीन चौकांची मिळून २१ घरे, त्यांच्या मध्ये बारा मीटरचा मोठा चौक. असे तीन गट जुळले की त्याहून मोठे अंगण. वाढता वाढता वस्तीची शाळा, बाजार आणि मैदान येते. मधून पावसाचे पाणी वाहून नेणारा ओढा. जे चार थर त्यांनी पुस्तकात मांडले, ते इथे पायी चालत मोजता येतात.

तीन निर्णय विशेष होते. पहिला, प्रत्येक घर आपल्या स्वतःच्या भूखंडावर आणि स्वतःच्या भिंतींवर उभे. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणून हातात पैसे आले की शेजाऱ्याची परवानगी न मागता एक खोली वाढवता येते. गरीब माणूस घर एकदम बांधत नाही. मुलाचे लग्न ठरले की खोली, बोनस मिळाला की फरशी, असे तो आयुष्यभर बांधतो. घराच्या नकाशाने या सवयीला जागा दिली.

दुसरा, वीटकाम, गिलावा, उतरते कौलारू छप्पर, म्हणजे गावातला साधा गवंडी आणि सुतार करू शकेल असेच बांधकाम. पैसा मोठ्या ठेकेदाराऐवजी कारागिराकडे जावा, ही त्यात दृष्टी होती.

तिसरा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. कमी उत्पन्नाच्या आणि बऱ्या उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यांनी एकाच वस्तीत ठेवले आणि जमीन जवळपास सारखी दिली. सर्वांत लहान भूखंड ४५ चौरस मीटरचा, सर्वांत मोठा त्याच्या दुपटीहूनही कमी. पगारांतले अंतर याहून कितीतरी जास्त होते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने त्याच जमिनीवर अधिक चांगले बांधावे, पण जमीन आणि आभाळ यांत फार भेद नको. हे वाचताना मशिदीतली सफ आठवते. तिथे कोणाचा सदरा उंची, कोणाचा साधा, पण उभे राहायची जागा सगळ्यांना सारखीच.

काय टिकले

आज बेलापूरला गेलेल्या माणसाला कोरियांची मूळ घरे शोधावी लागतात. नवी मुंबईत जमिनीचे भाव चढले. पुष्कळ घरे पाडून तिथे दोन-तीन मजली आरसीसी बंगले झाले. ज्यांच्यासाठी वस्ती कल्पिली होती, त्यांतल्या अनेकांच्या जागी अधिक सुस्थितीतली कुटुंबे आली. म्हणून काही जण या प्रयोगाला अपयशी म्हणतात.

इजिप्तच्या हसन फतही यांच्या वाट्यालाही असेच आले होते. १९४० च्या दशकात त्यांनी लक्झरजवळ न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांनी, घुमटांनी आणि चौकांनी बांधले. जगाने वाखाणले, पण ज्यांच्यासाठी बांधले त्या गावकऱ्यांपैकी बहुतेकांनी तिथे जायला नकार दिला, कारण त्यांची रोजीरोटी जुन्या जागी होती. गरिबांसाठी बांधणाऱ्याला मातीइतकेच माणसाच्या पोटाचे गणित कळावे लागते, हा गुर्न्याचा धडा.

बेलापूरचा धडा थोडा निराळा आहे. घरे बदलतील, हे तिथे गृहीतच होते. वाढवता येण्यासाठीच ती बांधली होती. वाढ इतकी झाली की मूळ घर दिसेनासे झाले, हे खरे. पण घरे पाडली गेली तरी चौक राहिले. काहींत गाड्या उभ्या असतात, तरी ते चौक आहेत, आणि सात दारे अजून त्यांच्याकडे तोंड करून उघडतात. भिंती खासगी होत्या, त्या बदलल्या. आभाळ सामाईक होते, ते एकट्याला विकता आले नाही. जमिनीचा कायमचा हक्क हाती नसेल आणि भाव चढले तर गरीब हुसकला जातो, हे आर्किटेक्ट थांबवू शकत नाही. ते काम कायद्याचे आणि संघटनेचे. पण एकदा नीट आखलेले अंगण मालक बदलले तरी टिकते, एवढे बेलापूरने सिद्ध केले आहे.

कायद्याच्या आघाडीवर कोरिया हरलेही. १९९६ साली मुंबईच्या बंद गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा करण्यासाठी राज्य सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या सार्वजनिक जागेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना आणि उरलेला मालकाला, असा साधारण वाटा होता. सगळ्या जमिनी एकत्र धरल्या तर गिरणगावाला मोठी मैदाने मिळाली असती. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त गिरणीतल्या आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, असे ठरले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. आज तिथे मनोरे आणि मॉल आहेत. गिरण्या बंद पडलेल्या पाहिलेल्या सोलापूरला यावर वेगळे भाष्य करायची गरज नाही.

आपल्या शहरासाठी

सन्मान त्यांना भरपूर मिळाले. १९७२ साली पद्मश्री, १९८४ साली ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचे शाही सुवर्णपदक, २००६ साली पद्मविभूषण. १६ जून २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्याची कला अकादमी, जयपूरचे जवाहर कला केंद्र, लिस्बनचे चंपालिमो संशोधन केंद्र या इमारती त्यांचे नाव राखतील. पण त्यांच्या घरांतला विचार राखायचा तर तो आपल्यासारख्या शहरांनी वापरावा लागेल.

सोलापूरने कामगारांच्या घरांचे मोठे प्रयोग केले आहेत. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीजवळ विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथे घरे दिली गेली. त्याच परिसरात ३०,००० घरांचे रे नगर उभे राहत गेले आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्यातली १५,००० घरे कामगारांना मिळाली. भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईच्या नावावर घर होणे ही साधी गोष्ट नाही. ज्यांनी ते घडवले त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

छप्पर मिळाल्यावर पुढचा प्रश्न आभाळाचा येतो. आपल्या शहरात घर हे कारखानाही असते. विणकराच्या घरात माग असतो. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन सकाळपासून बसते. पत्ता कापायला उजेड लागतो आणि तंबाखूची धूळ बाहेर जायला वारा. ती ओट्यावर, दारात, बोळात बसते, कारण आत बसून हे काम केले तर ती धूळ तिच्याबरोबर तिच्या लेकरांच्या छातीतही जाते. चार बायका एका जागी बसल्या की हातही चालतात आणि लहान मुलांवर आपोआप नजरही राहते. नव्या घराचा नकाशा करताना आपण खोल्या मोजतो, चटईक्षेत्र मोजतो. तिची ही कामाची जागा कोणत्याच रकान्यात येत नाही.

कोरिया यांच्या घरांतून घेण्यासारखे जे आहे त्याला फार पैसा लागत नाही. छताला उष्ण हवा बाहेर सोडणारी वाट, पश्चिमेच्या भिंतीपुढे सावलीचा व्हरांडा, खिडकीला काचेऐवजी झडप, पुढे खोली वाढवता येईल अशी सोय आणि सात-आठ दारांमध्ये एक सामाईक चौक. यातल्या चार गोष्टी घरमालक आणि गवंडी मिळून नंतरही करू शकतात. पाचवी मात्र नंतर करता येत नाही. एकदा घरांच्या रांगा भिंतीला भिंत लावून उभ्या राहिल्या की चौक कुठूनही काढता येत नाही, आणि कोणी आपली खोली पाडून शेजाऱ्यांना अंगण देणार नाही. म्हणून शहराच्या कडेला पुढची वसाहत आखली जाईल, आणि ती आखली जाणारच आहे, तेव्हा कोऱ्या कागदावर पहिली रेघ चौकाची ओढावी आणि घरे नंतर मांडावीत.